दिल्या घरातून दिसणारं गाव

ठाण्यातल्या मंगल कार्यालयात पाठवणीची वेळ झाली की बँडवाल्याला फर्माईश करावी लागत नाही. क्लॅरोनेट एक सूर लांबवतं आणि ‘गंगा जमुना’ सुरू होतं. मुलीची आई आधीपासूनच रडत असते. आता बापही चष्मा काढून पुसू लागतो. हॉलचा मॅनेजर तेवढा घड्याळाकडे बघत असतो, कारण संध्याकाळी दुसऱ्या पार्टीचं रिसेप्शन असतं. लता मंगेशकरांचा आवाज, वसंत प्रभूंची चाल आणि पी. सावळाराम यांचे शब्द. पिढ्या बदलल्या, हुंड्याचे कायदे आले, मुली नवऱ्याच्या आधी अमेरिकेला जाऊ लागल्या; पण पाठवणीच्या या गाण्याला अजून कुणी बदली मिळालेली नाही.

पी. सावळाराम म्हणजे निवृत्ती रावजी पाटील. जन्म १९१४चा, गाव सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं येडेनिपाणी. आयुष्य गेलं ठाण्यात. इथे ते नगराध्यक्ष झाले, ‘जनकवी’ झाले, आणि ठाणे महापालिका आजही त्यांच्या नावाने पुरस्कार देते. १९६०च्या ‘कन्यादान’ चित्रपटातलं लाडक्या लेकीचं गाणंही त्यांचंच. लग्न होऊन निघालेली मुलगी हा सावळारामांचा हुकमी विषय. सासरमाहेरची गाणी तोवर जात्यावर, झोक्यावर, मांडवात होती. ती रेडिओवर आणि लाउडस्पीकरवर आणण्यात या ठाणेकराचा वाटा फार मोठा.

पण गाणं जरा कान देऊन ऐकलं की एक गोष्ट लक्षात येते. गाते बाई, रडते मुलगी, बोलणारा मात्र पाठवणारा आहे. निरोप देणाऱ्यांच्या बाजूने रचलेलं ते गाणं आहे. जाणारीने काय म्हटलं, ते त्यात नाही. तिला काय वाटत होतं, हे ऐकायचं तर बँडच्या आवाजापासून बरंच लांब जावं लागतं.

जगभरच्या गाण्यांत ‘आपलं गाव’ हा विषय कुणी मन लावून सांभाळला असेल तर तो अमेरिकेतल्या कंट्री संगीताने. तिथल्या गायिकांनी गावावर प्रेमाची गाणी जेवढी लिहिली, तेवढीच रागाचीही. डॉली पार्टनचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. टेनेसीच्या डोंगराळ सेव्हियर काउंटीत १९४६ साली जन्म, बारा भावंडं, घरात अठराविश्वे दारिद्र्य. १९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिने नॅशव्हिलची वाट धरली. चारच वर्षांनी तिने जुन्या ‘चांगल्या’ दिवसांवर गाणं केलं, त्यात भूक, आजारपण आणि गारठा यांची यादीच आहे. आठवणी कुणाला विकणार नाही, पण ते दिवस पुन्हा जगायलाही कुणी बोलावू नये, असा त्याचा सूर. १९७३ साली त्याच डोंगरातल्या घरावर तिने एक अख्खा गोड अल्बम काढला, आणि १९८६ साली त्याच काउंटीत ‘डॉलीवूड’ नावाची जत्राच उभी केली. टेक्सासमधल्या गोल्डन या खेड्यातून आलेल्या केसी मसग्रेव्हजने २०१२ साली ‘मेरी गो राउंड’ हे गाणं काढलं. लहान गावातली लवकर होणारी लग्नं, चर्च, व्यसनं आणि त्याच त्या चकरा यांच्यावर त्यात सरळ बोट ठेवलं होतं. त्याला ग्रॅमी मिळालं.

या दोघी आपल्या पायांनी गाव सोडून गेल्या. आपल्याकडच्या बाईशी जुळणारी गोष्ट तिसरीचीच आहे. लोरेटा लिन ही केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. १९४८ साली, पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेली. पुढे नवऱ्यानेच तिला गिटार आणून दिली. १९७० साली खाणकामगाराची लेक म्हणून स्वतःची ओळख सांगणारं तिचं गाणं आलं आणि ते जगभर गेलं. म्हणजे बाप, आई, डोंगरातलं घर हे सगळं तिने माहेरापासून लांब बसून रचलं. जळगावच्या किंवा मुळशीच्या कुठल्याही म्हातारीला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

मराठीत पुरुषांचं गावगाणं वेगळं आणि बायकांचं वेगळं. सावळारामांच्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड मुंबईच्या कामगारवस्त्यांत घुमली. गिरणीतल्या गड्याची बायको गावाकडे राहिली आहे, आणि तिचा विरह सांगता सांगता शाहीर बेळगाव-कारवारच्या विरहावर येतो. पुरुषाचं गाव असं असतं. ते मागे राहतं, वाट बघतं, आणि गणपतीला किंवा शिमग्याला गेलं की त्याचं असतं. सात-बारावर नाव असतं, देवळात मान असतो. तो गावावर रुसू शकतो, कारण गाव त्याला नाकारू शकत नाही.

बाईला गावं दोन, आणि दोन्हीकडे ती जराशी पाहुणी.

हा तिढा मराठीत सगळ्यांत नेमका पकडला तो एका निरक्षर शेतकरी बाईने. बहिणाबाई चौधरी १८८० साली नागपंचमीला असोद्यात जन्मल्या. वडील उखाजी महाजन, आई भीमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. असोदा जळगावला खेटून आहे. धडधाकट माणूस सकाळी निघाला तर न्याहारीला पोचेल. पण अंतर मैलांत मोजायचं नसतं. सासरच्या माणसाने ‘जा’ म्हटल्यावर ते सुरू होतं आणि ‘ये’ म्हटल्यावर संपतं. ऐन तिशीत बहिणाबाईंना वैधव्य आलं. ओंकार, सोपान, काशी अशी मुलं. शेत, जातं, चूल, आणि या सगळ्यांबरोबर तोंडाने चाललेलं गाणं.

त्या लिहीत नव्हत्या, हे आपण सगळे म्हणतो, पण त्याचा अर्थ पुरता लक्षात घेत नाही. बहिणाबाईंच्या रचना ‘कविता’ म्हणून पाठ्यपुस्तकात आल्या, त्यामुळे त्या गायल्या जात होत्या हे मागे पडलं. जात्याच्या पाळीबरोबर, ओवीच्या ठेक्यात, लेवा पाटीदारांच्या घरात बोलल्या जाणाऱ्या बोलीत त्या रचल्या गेल्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतल्या काही ऐकता ऐकता कागदावर उतरवल्या. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरी आईची गाणी लोकांसमोर ठेवायला ते बिचकत होते. अत्र्यांनी हट्ट धरला आणि १९५२ साली अत्र्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. पुस्तकाच्या नावात ‘गाणी’ आहे, हे बरं झालं.

माहेरावर त्यांची एकाहून जास्त गाणी आहेत आणि ती एकाच सुरातली नाहीत. एका गाण्यात असोद्याचा वाडा आहे. वडिलांकडे शेट-शेतकरी येतात, दाराशी पादत्राणांचा ढीग पडलेला असतो, आत कचेरी भरावी तशी माणसं बसलेली असतात, आणि वडील काट्यावर तोलल्यासारखा न्याय देतात. आई आहे, भाऊ आहेत, सगळी नावानिशी. हे गाणं म्हणजे छातीवर हात ठेवून दिलेली ओळख आहे: मी कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हे, महाजनांची लेक. सासरी चुलीपुढे बसलेल्या बाईला हे अधूनमधून स्वतःलाच सांगावं लागत असणार. वाड्यातल्या इतक्या सगळ्या गोष्टींतून दाराबाहेरचे जोडे नेमके लक्षात ठेवणं, हे खास लहान मुलीचं बघणं आहे. पोरीबाळींना कचेरीत कोण बसवणार? त्यांना दिसतात ते उंबऱ्यापलीकडचे जोडेच.

दुसरं गाणं चालण्याचं आहे. खानदेशातला उन्हाळा, तापून लाल झालेली वाट, पोळणारे पाय. आणि तरीही ही वाट माहेरची म्हणून मऊ वाटते. इथवर ते कुठल्याही माहेरगीतासारखं आहे. पुढे मात्र वाटेवरच्या वस्तू बोलायला लागतात. ठेच लागते तेव्हा दगडच तिला जपून चालायला सांगतो, कारण तो तिच्याच माहेरच्या वाटेवरचा दगड आहे. शेतातली माती बोलते. आणि एका योग्याकडून तिला एक अडचणीचा प्रश्न ऐकावा लागतो. माहेर-माहेर म्हणून एवढं गातेस, तर मग सासरी आलीस कशाला?

हा प्रश्न बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या गाण्यात घातला आहे, हे विशेष. डोळे मिटून गोडवे गाणाऱ्या बाईला तो सुचला नसता. सुचला असता तरी तिने उत्तर नशिबावर किंवा रीतीवर ढकललं असतं. बहिणाबाई त्या योग्याला ‘जरा लक्ष देऊन ऐक’ अशा थाटात उत्तर देतात, आणि त्याचा आशय असा की आई सासरी नांदते ती तिच्या लेकीला माहेर असावं म्हणून.

या उत्तराकडे बहुतेक वेळा त्यागाचं गाणं म्हणून बघितलं जातं. मदर्स डेला ते व्हॉट्सॲपवर फिरतं. पण त्यातला तर्क फार कडक आहे. असोद्याचा तो जोड्यांच्या ढिगाचा वाडा कुणाचा? बहिणाबाईंचं माहेर, म्हणजे भीमाईचं सासर. भीमाई तिथे टिकली म्हणून बहिणाबाईंना गाता येईल असं गाव मिळालं. आणि जळगावचं चौधऱ्यांचं घर, जिथे त्या स्वतः परक्या म्हणून आल्या, ते काशीचं माहेर. प्रत्येक माहेर हे कुणाचं तरी सासर असतं. एकदा हे दिसलं की माहेर ही जागाच राहत नाही. एका बाईने दुसरीसाठी सोसून उभी केलेली ती सोय आहे. डॉली पार्टनच्या डोंगरातल्या घरावर कितीही गाणी असोत, ही गोष्ट त्यांत येत नाही. कारण त्या घराचा मालक बदलला तरी नातं बदलत नाही. इथे नातंच दर पिढीला उलटं होतं.

खानदेशात या सगळ्याला एक ठरलेला दिवस आहे, आखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. लेकींनी माहेरी यायचं, गौराई मांडायची, निंबाला झोके बांधायचे आणि झोक्यावर गाणी म्हणायची. बहिणाबाईंचं आखजीवरचं गाणं झोक्यासारखंच उसळतं, पण त्याचा शेवट मजेवर होत नाही. सण सरला, आता पुन्हा कधी, अशा विचारण्यावर ते थांबतं. डोंबिवली-कल्याणात खानदेशातून आलेली घरं बरीच आहेत. आखजीला त्यांच्याकडे आमरस आणि पुरणपोळी आजही होते. झोका मात्र ब्लॉकच्या बाल्कनीतला.

बहिणाबाई एकट्या असत्या तर त्यांना अपवाद म्हणता आलं असतं. तशी सोय नाही. साने गुरुजींनी १९४० साली ‘स्त्री जीवन’मध्ये शेकड्यांनी ओव्या छापल्या. मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी स्त्रीगीतं गोळा केली, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य मालेचे खंडच्या खंड काढले. मग पुण्याचे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीपासून पुढे महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. २०१७पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या गायिकांच्या आवाजात ऐकता येतात.

लाखभर ओव्यांत माहेर म्हटलं की आई, बाप आणि भाऊ येणारच. बाप म्हणजे वड, आई म्हणजे गोडवा, भाऊ म्हणजे दिवाळीला येणारा पाहुणा. पण थोडं पुढे सरकलं की सूर फिरतो. मला इतक्या लांब का दिलीत, घर बघितलंत पण माणूस का नाही बघितला, मुलीची जात म्हणजे परक्याचं धन हे कुणी ठरवलं, असं बायका जात्याला विचारतात. जात्याला विचारायचं, कारण ते ऐकून घेतं आणि त्याच्या घरघरीत सासूला नीट ऐकू जात नाही. आणि आईबाप गेल्यावर ओवीत एक नवीन पात्र येतं: भावजय. ती पाण्याचा तांब्या उशिरा देते, नणंद आली की तोंड फिरवते, भावाला खूण करते. ओव्यांमधली भावजय बहुतेक वेळा खलनायिका आहे.

इथे बहिणाबाईंचा तर्क लावून बघावा. भावजय ज्या घरात तोंड फिरवते, ते तिचं सासर. ती स्वतः दुसऱ्या गावात कुणाची तरी नणंद आहे आणि तिथे तिची भावजय तोंड फिरवत असणार. दोघीही सकाळी उठून आपापल्या जात्यावर एकच ओवी म्हणतात, फक्त नावं बदलून. लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर गेली अनेक दशकं सांगत आल्या आहेत की लोकगीतातली बाई मुकी नाही, ती आपल्या जगण्याचा अर्थ लावते आणि जाबही विचारते. त्यात इतकी पुस्ती जोडता येईल की हा जाब पुष्कळदा चुकीच्या पत्त्यावर जातो. नियम केला बापाने आणि भावाने. शिव्या खाल्ल्या भावजयीने.

भावजयीच्या त्या तोंड फिरवण्यामागे जमीन असते. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत वारस केलं, पण वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्माने आणि मुलीचा नाही, हे तसंच राहिलं. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र कायदा लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. माहेरची गाणी म्हणणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या नेमक्या त्या वगळण्यात गेल्या. २००५ साली केंद्राने देशभर तोच हक्क दिला आणि ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे.

कायदा बदलला, तसा एक कागदही गावोगाव फिरू लागला. त्याचं नाव हक्कसोडपत्र. ठाणे, भिवंडी, कल्याण, अंबरनाथच्या आगरी-कुणबी गावांत हा शब्द शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. भातशेतीच्या जागी टॉवर उभे राहिले, समृद्धी महामार्ग भिवंडी, कल्याण, शहापूर तालुक्यांतून गेला. डोंबिवलीजवळची २७ गावं महापालिकेत घेतली, २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा घेतली. दर खेपेला जमिनीचा भाव मात्र वरच गेला. मग वीस वर्षं दिवाळीची साडीसुद्धा पोस्टाने पाठवणाऱ्या भावाचा फोन येतो. आक्का, एक सही लागते, गाडी पाठवतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नाममात्र मुद्रांकावर अंगठा किंवा सही, बाहेर उसाचा रस, आणि परत. पुष्कळ बहिणी सही करतात. पैसा नको म्हणून नाही; सही नाही केली तर माहेर तुटेल म्हणून. पंचवीस लाखांचा वाटा सोडून वर्षातून दोन दिवसांचं माहेर राखायचं, हा व्यवहार बाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटेल. ज्या बाईचं बालपण ओव्यांवर गेलं, तिला त्याचा अर्थ पटकन कळतो. अलीकडे सही न करणाऱ्याही वाढल्या आहेत. त्यांच्यावर अजून कुणी गाणं केलेलं नाही, आणि ते व्हायला हवं.

बायकांनी या सगळ्याची चेष्टाही केली आहे, हेही सांगायला हवं. नवरात्रात डोंबिवलीच्या सोसायट्यांत भोंडला होतो. पाटावर रांगोळीने काढलेला हत्ती, भोवती फेर, ऑफिसातून परस्पर आलेल्या बायका, कुणाच्या खांद्याला अजून लॅपटॉपची बॅग. शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. या फेरात कारल्याच्या वेलाचं गाणं हटकून होतं. सून माहेरी जायला विचारते. सासू सांगते, आधी वेल लाव. वेल लावला, तर फूल येऊ दे. फूल आलं, तर कारलं लागू दे, भाजी होऊ दे, भांडी घासून होऊ देत. मग सासऱ्याला विचार, मग दिराला. सरकारी कचेरीतल्या फायलीलाही इतक्या टेबलांवरून जावं लागत नाही. लहान मुली हे गाणं मजेने म्हणतात. चाळिशीच्या बायकांना त्यात रजेचा अर्ज दिसतो.

पंढरपूरला माहेर म्हणणारे वारकरी पुरुष या सगळ्यातून अलगद सुटले. एकनाथांच्या ज्या अभंगात पंढरी माहेर होते, त्यात आईबाप विठ्ठल-रखुमाई आहेत आणि भावजयीचा पत्ता नाही. गंमत अशी की त्याच पंढरपुरात रखुमाईचं देऊळ वेगळं आहे, कारण लोककथेप्रमाणे ती रुसलेली आहे. तिचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. तिथून तिची पालखी दर आषाढीला पंढरीला येते. आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं, त्या तेराव्या शतकातल्या महानुभाव महदंबेने धवळे रचले ते याच रुक्मिणीच्या लग्नाचे. भावाचं न ऐकता, माहेराच्या मनाविरुद्ध स्वतःचा नवरा निवडणारी मुलगी, हा मराठी बाईने रचलेल्या पहिल्या मोठ्या गाण्याचा विषय. पाठवणीच्या बँडवर तो कधी वाजत नाही.

आगरी लग्नात मात्र त्या धवळ्यांचं भावंड अजून जिवंत आहे. ठाणे-रायगडच्या गावांत ते ‘धवला’ म्हणून ओळखलं जातं, आणि गाणारी ती धवलारीण. जुन्या रीतीत लग्नाचे विधी तिच्याच गाण्याने पुढे सरकत. मंत्रांच्या जागी तिचे शब्द असत आणि कुठल्या क्षणी काय करायचं, हे मांडवातल्या कर्त्या पुरुषांनी तिला विचारायचं. ती सहसा गावातली वयस्क बाई, म्हणजे त्या गावची सून. तिने ही गाणी आईकडून उचललेली असतात किंवा सासूकडून. दुसऱ्या गावाहून आलेली बाई या गावच्या लेकींना गाऊन पाठवते. भीमाईची गोष्ट पुन्हा, सुरांत. आता कल्याण-डोंबिवलीच्या हळदीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात, रात्री बारापर्यंत कानठळ्या बसतात, आणि धवलारीण मांडवाच्या कोपऱ्यात तिच्यापुरतं गाऊन घेते. मोबाइलवर चित्रण होतं ते डीजेचं.

ज्यांच्या घरात अशी गाणारी आजी, आत्या किंवा काकू आहे, त्यांनी तिचं गाणं टिपून ठेवावं, हे वेगळं सांगायला नको. टिपताना एका चुकीपासून मात्र जपावं. ओव्यांच्या संग्रहांत गायिकेच्या नावापुढे गाव लिहिलेलं असतं, ते ध्वनिमुद्रण जिथे झालं ते गाव. म्हणजे बहुतेकींचं सासर. जी आयुष्यभर माहेराचं गाणं गायली, तिच्या माहेराचं नाव त्या रकान्यात येत नाही. तेव्हा नाव, वय आणि गाव विचारून झालं की वही मिटू नका. जन्म कुठल्या गावचा, तेही विचारा आणि तिच्या नावापुढे आधी तेच लिहा.